बोटांना लागलेलं वळण

वेळ वाचवण्याच्या नादात माणूस किती वेळ घालवू शकतो हे बघायचं असेल, तर एखाद्या मुरलेल्या प्रोग्रामरची होम डिरेक्टरी उघडावी. वरवर तिथं काहीच नसतं. दोन-चार फोल्डर, एखादी पगाराची पावती, कधीकाळी उतरवून घेतलेलं रेल्वेचं तिकीट, बस्स. पण यूनिक्सच्या राज्यात ज्या फाइलचं नाव टिंबाने सुरू होतं ती चारचौघांत दिसत नाही. 'एलएस' या कमांडला 'सगळं दाखव' असं बजावून सांगितलं, की टिंबवाल्यांचा अख्खा जमाव बाहेर येतो : डॉट बॅशआरसी, डॉट व्हिमआरसी, डॉट गिटकॉन्फिग. माणसाचा बायोडेटा वाचून जे कळत नाही ते या फाइलींतून कळतं.

या जमावातली दिसायला सगळ्यात किरकोळ आणि स्वभावाने सगळ्यात हट्टी फाइल म्हणजे डॉट इनपुटआरसी. कमांड टाइप करताना कुठलं बटण दाबलं की काय व्हावं, एवढंच तिच्यात लिहायचं असतं. या 'एवढंच'पायी चांगली कमावती, संसारी माणसं शनिवार-रविवार खर्ची घालतात आणि सोमवारी ऑफिसात येऊन सांगतात, की आता माझे प्रत्येक कमांडमागे दोन सेकंद वाचतात.

ज्यांचा टर्मिनलच्या काळ्या खिडकीशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. टर्मिनल ही माउसच्या आधीच्या जगातली जागा. तिथला सगळा कारभार लेखी. हातभर लांब कमांड लिहावी, आणि शेवटाला पोचल्यावर ध्यानात यावं की पहिल्याच शब्दात गफलत आहे. तिथं माउसने कितीही टिचक्या मारल्या तरी कर्सर ढिम्म हलत नाही. मग साधा माणूस डावीकडचा बाण दाबून धरतो आणि कर्सर एकेक अक्षर मागं सरकायला लागतो. नेमका याच वेळी पाठीमागे कुणीतरी जाणकार येऊन उभा राहतो. हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत कुठल्याही ऑफिसात जा, हा जाणकार आहेच. दुसऱ्याने बाण दाबलेला त्याला बघवत नाही.

"अरे, बाण काय दाबत बसलास? कंट्रोल-ए मार."

"मारलं सर."

"पोचलास ना ओळीच्या सुरुवातीला? आता ऑल्ट-एफ. एकेक शब्द पुढं जातो बघ."

"सर, फाइलचा मेनू उघडला."

"हां, ते टर्मिनलच्या सेटिंगमध्ये बंद करावं लागतं. सरक, मी करून देतो."

सर खुर्चीत बसतात. मेनूचा ऑल्ट काढला जातो. मग रंग खटकतात म्हणून रंग बदलतात, मग फॉण्ट बदलतो, आणि मग "तुझ्या इनपुटआरसीत काहीच नाहीये रे" हे अशा स्वरात म्हटलं जातं की पोराला स्वतःचीच कीव यावी. एवढ्यात चहाची वेळ होते. मूळ कमांड पहिल्या शब्दातल्या गफलतीसकट तिथंच, वाट बघत.

सरांकडे हे ज्ञान येतं कुठून? सरांना ते त्यांच्या सरांकडून आलेलं असतं, आणि ही परंपरा मागं नेत गेलं की आपण थेट १९७६ सालात, अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत पोचतो. रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांनी तिथं ईमॅक्स नावाचा एडिटर उभा केला. कंट्रोल-ए म्हणजे ओळीची सुरुवात, कंट्रोल-ई म्हणजे शेवट, कंट्रोल-के म्हणजे इथून पुढचं सगळं उडवा, कंट्रोल-वाय म्हणजे उडवलेलं परत आणा, हा सगळा घाट ईमॅक्सचा. पुढं १९८९ साली ब्रायन फॉक्स यांनी बॅश हा शेल, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, लिहिला आणि त्याच्या पोटात ओळ संपादन करणारी रीडलाइन नावाची लायब्ररी घातली, तेव्हा ईमॅक्सच्या याच सवयी तिच्यात उतरल्या. क्लीव्हलंडमधल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचे चेट रॅमी गेली तीन दशकं आणि वर बॅश आणि रीडलाइन सांभाळताहेत. एका माणसाने इतकी वर्षं इतक्या लोकांच्या बोटांखालची जमीन झाडून ठेवावी आणि त्याचं नावही कुणाला ठाऊक नसावं, हे यूनिक्सच्या जगात फार रीतीला धरून आहे.

त्याच १९७६ साली, अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, बर्कलीत, बिल जॉय यांनी व्हीआय नावाचा एडिटर लिहिला. त्यांच्यापुढं होतं एडीएम-३ए नावाचं टर्मिनल. त्याच्या कीबोर्डवर बाणांची वेगळी बटणं नव्हती. एच, जे, के, एल या चार अक्षरांवरच बाण छापलेले होते. म्हणून व्हीआयमध्ये आजतागायत एच म्हणजे डावीकडे आणि एल म्हणजे उजवीकडे. त्याच कीबोर्डवर 'होम' आणि नागमोडी टिल्डे एकाच बटणावर होते, म्हणून होम डिरेक्टरीचं चिन्हही टिल्डे. एस्केपचं बटण होतं आज जिथं टॅब असतं तिथं, डाव्या करंगळीच्या अगदी शेजारी, म्हणून व्हीआयमध्ये उठसूट एस्केप. टर्मिनल मोडीत निघालं. आता एस्केप कीबोर्डच्या पार कोपऱ्यात जाऊन बसलंय आणि व्हीआयवाला दर ओळीमागे हात उचलून त्याला भेटून येतो.

इथं माझा मुद्दा येतो, आणि तो मी सरांपुढं कधी मांडलेला नाही, कारण सर मग खुर्चीतून उठत नाहीत. आपण ज्याला 'डीफॉल्ट' म्हणतो ती कुणातरी एकाची जुनी सवय असते. त्याच्या टेबलावर होता तो कीबोर्ड, त्याच्या बोटांना सोयीची वाटली ती जागा. तो माणूस आपल्याआधी आला, एवढाच त्याचा मोठेपणा. आपण इनपुटआरसीत दोन ओळी लिहिल्या तर ते 'कस्टमायझेशन', आणि त्याने लिहिल्या तो धर्म.

आणि धर्म म्हटला की पंथ आले. १९८३ साली डेव्हिड कॉर्न यांनी बेल लॅब्जमधून आणलेल्या कॉर्न शेलमध्ये ईमॅक्स आणि व्हीआय अशा दोन्ही पद्धतींनी ओळ संपादन करायची सोय होती. पुढं शेलचं प्रमाणीकरण करायला पॉझिक्सची मंडळी बसली, तेव्हा सुरुवातीच्या मसुद्यांत दोन्ही होत्या. अंतिम प्रमाणात मात्र उरली फक्त व्हीआयची. ईमॅक्सवाले हरले म्हणून नव्हे. ईमॅक्सवाल्यांनीच अडून धरलं, की आमचा एडिटर प्रमाणबद्ध करू नका. प्रमाण ठरलं की कंपन्या तेवढंच देतील आणि ज्याला हवं तसं वळवता येणं हा ईमॅक्सचा प्राणच जाईल, ही त्यांची भीती. खुद्द मूळ कर्त्यानेही आपल्याला वगळावं अशीच इच्छा कळवली. तेव्हा कागदावरचा नियम व्हीआयचा आणि बॅश उघडला की वागणूक ईमॅक्सची, अशी गंमत आज आहे. नियम एक आणि वहिवाट दुसरी, याचं आपल्याकडं तरी कुणाला नवल वाटायला नको.

पण ईमॅक्स आणि व्हीआय निदान माणसांच्या सवयी आहेत. त्याहून जुन्या सवयी यंत्रांच्या, आणि त्या अधिक चिवट. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला कुणीही मुलगा घ्या. आयुष्यभर वर्डमध्ये कंट्रोल-एस दाबून त्याने असाइनमेंटं वाचवलेली असतात. टर्मिनलमध्ये बसल्यावरही एखाद्या बेसावध क्षणी त्याची बोटं कंट्रोल-एस दाबतात. पडदा गोठतो. तो एंटर मारतो, काही नाही. चार-पाच एंटर मारतो. 'एक्झिट' लिहितो, दिसत नाही. मग मोठ्यांदा, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणतो, "सर, प्रॉडक्शन हँग झालंय!" प्रॉडक्शन हा शब्द ऐकताच मॅनेजर खोलीतून बाहेर येतात. तोवर जाणकार तिथं पोचलेला असतो. तो न बोलता कंट्रोल-क्यू दाबतो. थांबलेलं सगळं एकदम पडद्यावर येतं, एंटर, एंटर, एंटर, एक्झिट, आणि खिडकी खरोखरच बंद होते.

झालं काय? १९६३ साली टेलिटाइप मॉडेल ३३ नावाचं यंत्र बाजारात आलं. त्याला भोकं पाडलेली कागदी फीत वाचायची सोय होती. फीत फार वेगाने यायला लागली की पलीकडून 'थांब' असा इशारा द्यायचा : कंट्रोल-एस. आवरतं झालं की 'चालू दे' : कंट्रोल-क्यू. फीत गेली, यंत्र संग्रहालयात गेलं. आज त्या खिडकीत फीत नाही, कागद नाही, शाई नाही. पण टर्मिनलला अजून वाटतं की कुणीतरी कागद सावरतोय, आणि ते इमानाने थांबून राहतं.

या इमानदारीचा खरा तडाखा बसतो तो कंट्रोल-आर वापरणाऱ्यांना. कंट्रोल-आर म्हणजे इतिहासात शोध. पूर्वी कधीतरी लिहिलेली लांबलचक कमांड पुन्हा हवी असली, की कंट्रोल-आर दाबून तिच्यातला एखादा शब्द लिहायचा, आणि बॅश मागं मागं जात ती काढून देतो. बॅश मुळात शेवटच्या ५०० कमांड लक्षात ठेवतो, आणि बहुतेक जण तो आकडा वाढवून घेतात, कारण स्वतःच्या डोक्यात कमांड ठेवायची सवय कधीच सुटलेली असते. आता कंट्रोल-आर पुन्हा पुन्हा दाबताना हात जरा सैल सुटला की हवी ती कमांड मागं पडते. मग पुढं यायचं कसं? रीडलाइनमध्ये त्याची सोय आहे. बटण आहे कंट्रोल-एस. म्हणजे भूतकाळात जायला मोकळीक आहे, पण परत यायला निघालं की १९६३ सालचं यंत्र आडवं येतं. यावर उपाय एका ओळीचा आहे : 'एसटीटीवाय' या कमांडला 'आयएक्सऑन काढून टाक' असं सांगायचं. ही ओळ बॅशआरसीत घालणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो. त्याने एक मृत यंत्र रीतसर पोचवलेलं असतं.

जुन्यातलं सगळंच टिकलं असं मात्र नाही, आणि त्याबद्दल आभार मानायला हवेत. सुरुवातीच्या यूनिक्समध्ये चुकलेलं अक्षर खोडायला हॅशचं चिन्ह होतं, आणि अख्खी ओळ रद्द करायला ॲट. कागदावर छापणाऱ्या टर्मिनलवर छापलेलं पुसणार कसं, म्हणून चूक झाली की पुढं हॅश लिहायचं आणि यंत्राने ते समजून घ्यायचं. पुढं ईमेलचे पत्ते आले आणि त्यांत मधोमध ॲट आला. पत्ता लिहिता लिहिता ॲट उमटला की तोवरची ओळ गेलीच, म्हणून त्याच्यापुढं उलटी तिरकी रेघ देऊन त्याला वठणीवर ठेवावं लागे. ही सवय टिकली असती तर आज सगळ्या जगाचा पत्रव्यवहार 'प्रति' या शब्दापाशीच अडला असता.

तर असा सगळा गोतावळा जमिनीवर आधीच ठाण मांडून बसलेला, आणि त्यात आपल्याला स्वतःचा एक शॉर्टकट बसवायचा. जागा शोधायला निघालेल्या नवख्याला वाटतं, सव्वीस अक्षरं आहेत, एखादं तरी मोकळं असेलच. इथं कंट्रोलचं गणित ठाऊक असावं लागतं. आस्की संकेतावलीत प्रत्येक अक्षराला क्रमांक आहे. कॅपिटल ए म्हणजे ६५. कंट्रोल दाबला की त्यातून ६४ वजा होतात आणि यंत्राकडं जातो १. एम म्हणजे ७७. ६४ वजा केले की उरतात १३, आणि १३ म्हणजेच एंटर. आय म्हणजे ७३. उरतात ९, आणि ९ म्हणजे टॅब. जी मधून ६४ गेले की उरतात ७, आणि ७ म्हणजे घंटी. टेलिटाइपमध्ये ती खरीखुरी धातूची होती. शेलच्या दृष्टीने कंट्रोल-एम आणि एंटर ही दोन बटणं नाहीतच, एकच आहे.

आमच्या टीममधल्या एका उत्साही गृहस्थांना हे गणित कुणी सांगितलं नव्हतं. 'मेक' ही कमांड ते दिवसभर चालवत, म्हणून त्यांनी बॅशआरसीत लिहून टाकलं : कंट्रोल-एम दाबलं की मेक. नवी खिडकी उघडली. एंटर दाबला, मेक सुरू. 'एलएस' लिहून एंटर, तरी मेक. 'एक्झिट' लिहून एंटर, तरी मेकच. बॅशआरसी दुरुस्त करायला एडिटर उघडावा, तर एडिटरचं नाव लिहून एंटर दाबायला हवा. भोवती माणसं जमली, प्रत्येकाने एकेकदा एंटर दाबून बघितला आणि प्रत्येकाला मेक मिळालं. शेवटी कोपऱ्यातल्या एका बाईंनी, आपल्या जागेवरून न उठता, नुसतं "कंट्रोल-जे" म्हटलं. जे म्हणजे ७४, वजा ६४, उरले १०, आणि १० म्हणजे नवी ओळ. बॅश तिलाही एंटरच मानतो. त्या दिवसापासून बाईंना कुणी शॉर्टकट शिकवायला गेलेलं नाही.

बरं, मोकळं बटण सापडलंच, तरी ते बटण यंत्र कुठल्या नावाने ओळखतं हा वेगळाच घोळ. वरचा बाण दाबला की 'वरचा बाण' असं काही पाठवलं जात नाही. एस्केप, चौकोनी कंस आणि ए अशी तीन चिन्हं जातात. ही रीत रूढ केली १९७८ सालच्या व्हीटी१०० टर्मिनलने. आणि तेच बटण दुसऱ्या एका मोडमध्ये कंसाऐवजी ओ पाठवतं. होम बटणाची तर कथाच निराळी. एक टर्मिनल त्याला कंस-एच म्हणतं, दुसरं ओ-एच, तिसरं कंस-एक-टिल्डे. आधारवर एक नाव, पॅनवर दुसरं आणि सातबाऱ्यावर आजोबांनी सांगितलेलं तिसरं, अशी ज्याची अवस्था आहे त्यालाच हे दुःख कळेल. म्हणून अनुभवी माणसाच्या इनपुटआरसीत होम बटणासाठी लागोपाठ तीन ओळी असतात, तिन्हींचा अर्थ एकच : जो कुणी असेल त्याने ओळीच्या सुरुवातीला जावं.

या सगळ्यातून वाट काढत ज्यांनी स्वतःची फाइल सजवली त्यांच्या तऱ्हा बघण्यासारख्या असतात. एक असतो उसनवारीवाला. गिटहबवर हजारो लोकांनी आपापल्या टिंबवाल्या फाइली मांडून ठेवल्यात, त्यातली एक हा अख्खी उचलतो. त्यात कुणा अनोळखी माणसाने डव्होरॅक कीबोर्डसाठी केलेल्या तडजोडीही येतात. "हे बटण काय करतं?" असं विचारलं की तो म्हणतो, "दाबू नकोस."

दुसरा व्हीआयवाला. हा शेलमध्येही व्हीआय मोड लावतो. पण काही जण हा मोड मागून घेत नाहीत, तो त्यांच्या गळ्यात पडतो. झेडशेल नावाचा आणखी एक शेल सुरू होताना 'एडिटर' नावाचं व्हेरिएबल वाचतो आणि त्यात कुठं 'व्हीआय' ही अक्षरं दिसली, की गृहीत धरतो की या माणसाला शेलसुद्धा व्हीआयसारखा हवाय. कुणी बिचाऱ्याने गिटचे संदेश लिहायला सोपं पडावं म्हणून एडिटर व्हीआयचा वारस व्हिम ठेवलेला, आणि दुसऱ्या दिवशी त्याचं कंट्रोल-ए मेलेलं. तो कीबोर्ड बदलून मागतो. आयटी सपोर्टवाले देतातही.

तिसरा मॅकवाला. ॲपलने २०१९ साली मॅकचा मुख्य शेल बॅशऐवजी झेडशेल केला. झेडशेल रीडलाइन वापरत नाही, त्याची संपादनाची व्यवस्था वेगळी आहे, आणि इनपुटआरसीकडं तो ढुंकूनही बघत नाही. वर्षानुवर्षं जोपासलेली फाइल जागच्या जागी आहे, एकही अक्षर बदललेलं नाही, आणि कुणी वाचत नाही. याचं दुःख मराठी लेखकाला वेगळं समजावून सांगायला नको.

चौथा सगळ्यात धोक्याचा. हा शॉर्टकटमध्ये कमांडबरोबर एंटरही घालतो. रीडलाइन तशी परवानगी देते. बटणाच्या बदल्यात अख्खा मजकूर आणि शेवटी एंटर असं लिहिता येतं. बटण दाबलं की कमांड उमटते आणि वाचायच्या आत चालूनही जाते. डिलीट करणारी कमांड अशी बांधलेली असली, की त्या बटणाच्या आसपास चहाचा कप ठेवतानाही हात कापतो. मजकूर यंत्राने लिहावा, एंटर स्वतःच्या बोटाने मारावा, एवढं एक पथ्य पाळलं तरी पुष्कळ अनर्थ टळतात.

आणि पाचवा, 'एलएस'ऐवजी घाईत 'एसएल' लिहिणारा. त्याच्यासाठी जपानच्या टोयोडा मासाशी यांनी १९९३ साली 'एसएल' नावाचाच प्रोग्राम लिहून ठेवलाय. तो चालवला की पडद्यावरून अक्षरांनी बनवलेलं वाफेचं इंजिन डबे घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत निवांत जातं. मधेच कंट्रोल-सी दाबून ते सहजासहजी थांबत नाही. गाडी जाईपर्यंत फाटकापाशी उभं राहायचं. खरं तर एंटरच्या आधी कंट्रोल-टी मारलं असतं तर शेवटची दोन अक्षरं आपोआप अदलाबदल होऊन 'एलएस' झालं असतं. पण ज्याला कंट्रोल-टी आठवतं तो मुळात 'एसएल' लिहीत नाही.

इतकी मेहनत घेऊन बोटांना वळण लागलं, की खरी परीक्षा सुरू होते ती टर्मिनलच्या बाहेर. कंट्रोल-डब्ल्यू म्हणजे शेलमध्ये मागचा शब्द खोडा. ब्राउझरमध्ये तेच म्हणजे हा टॅब बंद करा. हल्ली क्लाउडवाल्यांचं टर्मिनल ब्राउझरमध्येच उघडतं. तिथं एक शब्द खोडायला गेलं की सर्व्हरसकट सगळं नाहीसं होतं. कंट्रोल-पी म्हणजे शेलमध्ये मागची कमांड. मेलमध्ये तेच दाबलं की प्रिंटर विचारतो किती प्रती. कंट्रोल-ए म्हणजे शेलमध्ये ओळीची सुरुवात, आणि विंडोजवर सगळंच सिलेक्ट. साहेबांना लिहिलेल्या लांब मेलच्या सुरुवातीला 'आदरणीय' हा शब्द राहिला म्हणून कंट्रोल-ए मारून टाइप करायला लागावं, आणि मेलमध्ये 'आदरणीय' एवढाच एक शब्द उरावा.

ज्याने कॅप्सलॉकला कंट्रोल करून घेतलंय त्याची आणखी पंचाईत. तशी ही मागणी रास्त आहे. एडीएम-३ए वर कंट्रोल तिथंच होतं. पण स्वतःचा लॅपटॉप सोडून दुसऱ्याच्या मशीनवर बसला, की तो सगळ्या टीमला कॅपिटल अक्षरांत ओरडून लिहितो आणि लोक विचारतात, घरी सगळं ठीक आहे ना. उलट त्याच्या लॅपटॉपवर दुसरा कुणी बसला तर त्याला स्वतःचा पासवर्डसुद्धा लिहिता येत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने ही व्यवस्था उत्तम.

शेवटचा घाला रात्री दोन वाजता. सर्व्हर पडलेला, फोनवर गिऱ्हाईक, बाजूला मॅनेजर. तुम्ही आत शिरता, आणि आत असतो एखादा काटकसरीने बांधलेला कंटेनर. बॅश नाही. डॅश नावाचा साधा शेल आहे, त्यात ओळ संपादनच नाही. सवयीने वरचा बाण दाबता आणि पडद्यावर उमटतं टोपी, कंस, कंस, ए. बायकोला, मुलांना, आईला वेळ न देता जमवलेले ते सगळे शॉर्टकट त्या क्षणी घरच्या लॅपटॉपमध्ये सुखरूप झोपलेले असतात. इथं उपयोगी पडतं ते मुख्यतः बॅकस्पेस, आणि अगदी मुळातलं, कर्नलच्या पोटातलं कंट्रोल-यू : ओळ रद्द, पुन्हा लिहा.

म्हणून कुणी नवीन मुलाने विचारलंच, तर मी चार ओळींपलीकडं काही सुचवत नाही. टॅब दाबल्यावर लहान-मोठ्या अक्षरांचा भेद धरू नकोस. पहिल्याच टॅबला सगळे पर्याय दाखव, दुसऱ्याची वाट बघू नकोस. प्रत्येक चुकीला घंटी वाजवू नकोस, शेजारी माणसं बसलेली असतात. आणि वरचा बाण दाबला, तर मी जेवढं लिहिलंय तेवढ्याने सुरू होणारी जुनी कमांड शोधून दे. चारही गोष्टी रीडलाइनमध्ये आहेत, आणि रीडलाइन वापरणाऱ्या इतर प्रोग्राममध्ये, जीडीबीत, पीएसक्यूएलमध्येही, या ओळी आपसूक लागू होतात. एखाद्या मशीनवर या चार ओळी नसल्या तर चिडचिड होते, पण अडत नाही. शॉर्टकटची परीक्षा हीच : तो नसताना आपलं अडतं का.

बाकीच्या बाबतीत फाइलला वळण लावण्यापेक्षा बोटांना वळण लावणं स्वस्त पडतं. कंट्रोल-ए, कंट्रोल-ई, कंट्रोल-यू, कंट्रोल-डब्ल्यू, कंट्रोल-आर. आणि मागच्या कमांडमधला शेवटचा शब्द जसाच्या तसा आणून देणारं ऑल्ट-टिंब, जे एकदा कळलं की माणूस चार दिवस भेटेल त्याला सांगत सुटतो. हे कुणा परक्याच्या बोटांचं वळण आहे हे खरं. पण ते जगातल्या जवळजवळ प्रत्येक बॅशमध्ये आधीपासून वाट बघत बसलेलं आहे, आणि आपलं डीफॉल्ट व्हायचं तर १९७६ सालीच कामाला लागायला हवं होतं. शिवाय नोकरी सोडताना एचआरवाले क्लिअरन्सचा जो फॉर्म पुढं करतात त्यावर लॅपटॉप, चार्जर, आयडी कार्ड, लॉकरची किल्ली, सगळ्याचे रकाने असतात. लॅपटॉपबरोबर इनपुटआरसीही जाते. बोटांचा रकाना अजून तरी कुणी घातलेला नाही.